कोयासानला जायचंय? जपानमधल्या डोंगरावरच्या बौद्ध मठांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओसाकाला कामासाठी किंवा जपान फिरायला येणारी मराठी मंडळी कोयासानबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक माहिती आहे, अडनिडे प्रश्न शेवटी. एकाच गोष्टीचा दोनदा उल्लेख आला तर संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोयासान हे एक देऊळ आहे, डोंगर आहे की गाव?

तिन्ही. वाकायामा प्रांतात समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर एक पठार आहे. भोवती आठ शिखरं आहेत आणि कमळाच्या पाकळ्यांच्या मधोमध ही जागा वसली आहे अशी श्रद्धा आहे. इ. स. ८१६ मध्ये सम्राट सागा यांनी ही जागा कुकाई या भिक्षूला साधनेसाठी दिली आणि जपानमधल्या शिंगोन या बौद्ध पंथाचं मूळपीठ इथे उभं राहिलं. आज डोंगरावर ११७ मठ-मंदिरं आहेत. कोंगोबुजी हे त्यांतलं प्रमुख. शिवाय शाळा, टपाल कार्यालय, दुकानं, विद्यापीठ असं चांगलं नांदतं गाव आहे. जुन्या समजुतीप्रमाणे मात्र सगळा डोंगरच एक मंदिर आहे. म्हणून गावाच्या पश्चिम टोकाला दाइमोन हा पंचवीस मीटर उंचीचा लाल दरवाजा आहे, तो एका मंदिराचा नसून अख्ख्या डोंगराचा आहे. २००४ साली किइ पर्वतरांगेतल्या तीर्थस्थळांसोबत कोयासानचाही जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

२. जो तो 'दाइशी, दाइशी' म्हणतो. ते कोण?

कुकाई म्हणजेच कोबो दाइशी. जन्म ७७४ साली, शिकोकू बेटावर. ८०४ मध्ये ते चीनला गेले आणि चांगआन राजधानीत आचार्य ह्वेइ-क्वो यांच्याकडून त्यांनी वज्रयान परंपरेची दीक्षा घेतली. ८०६ मध्ये परत येऊन त्यांनी शिंगोन पंथ उभा केला. 'कोबो दाइशी' ही पदवी त्यांना ९२१ साली, म्हणजे बऱ्याच नंतर, दरबाराकडून मिळाली.

इथे येण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ८३५ साली कुकाईंचं निधन झालं असं इथे कुणी म्हणत नाही. ते ओकुनोइन या जंगलातल्या दफनभूमीच्या टोकाला (प्रश्न १२), समाधिस्थानात ध्यानस्थ आहेत आणि मैत्रेय बुद्धाच्या येण्याची वाट पाहत आहेत, अशी श्रद्धा आहे. आळंदीला माउलींच्या संजीवन समाधीपुढे उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हणूनच रोज पहाटे सहाला आणि सकाळी साडेदहाला त्यांच्यासाठी जेवण नेलं जातं. भिक्षू लाकडी पेटी खांद्यावर घेतात, आधी चव पाहणाऱ्या जिझो या बोधिसत्त्वाच्या मूर्तीपुढे थांबतात आणि मग पूल ओलांडून आत जातात. साडेदहाची वेळ कुणालाही साधता येते. पुलाच्या अलीकडे, बाजूला, शांतपणे उभं राहून पाहा.

३. ओसाकाहून कसं जायचं?

नाम्बा स्थानकातून नानकाइ कंपनीची कोया मार्गावरची गाडी धरायची आणि गोकुराकुबाशी या शेवटच्या स्थानकावर उतरायचं. आरक्षित आसनांच्या जलद गाडीने साधारण ऐंशी मिनिटं लागतात, साध्या जलद गाडीने शंभर मिनिटांच्या आसपास, काही वेळा हाशिमोतोला गाडी बदलून. हाशिमोतोनंतर रूळ डोंगराच्या कडेने वळणं घेत जातात, त्या टप्प्यात मोबाइल खाली ठेवून खिडकीबाहेर बघा. गोकुराकुबाशीला केबल कार लागते. पाच मिनिटांत ती सुमारे ३३० मीटर उंच चढते.

वरच्या स्थानकातून गावात बसनेच जावं लागतं. रस्ता जवळ दिसतो, पण तो फक्त बससाठी राखलेला आहे आणि त्यावर चालायला मनाई आहे. गावाचा मधला थांबा सेंजुइनबाशी, साधारण दहा मिनिटांवर.

४. आमच्याकडे जेआर (जपान रेल्वे) पास आहे. तो चालेल ना?

नानकाइच्या गाडीत, केबल कारमध्ये आणि गावातल्या बसमध्ये चालत नाही. पास वापरायचाच असेल तर जेआरने हाशिमोतोपर्यंत जाता येतं, पण वळसा मोठा पडतो आणि पुढचं तिकीट काढावंच लागतं. त्यापेक्षा नानकाइचं 'कोयासान वर्ल्ड हेरिटेज तिकीट' घ्या. त्यात जाणं-येणं, डोंगरावरच्या बस आणि काही ठिकाणच्या प्रवेशात सूट असं सगळं येतं.

५. ओसाकाहून एका दिवसात होईल का?

होईल. सकाळी लवकर निघालात तर दानजो गारान हे मंदिरांचं आवार, कोंगोबुजी (दोन्ही प्रश्न १४) आणि ओकुनोइन उरकून संध्याकाळी परत येता येतं. तरी आमचं ठाम मत आहे की एक रात्र तिथे काढावी. संध्याकाळी पाचनंतर दुकानं मिटतात, दिवसभराच्या सहली उतरून जातात आणि मग मठांच्या गावात फक्त मठ उरतात. पहाटेची प्रार्थना (प्रश्न १०) आणि दिवे लागल्यानंतरचं ओकुनोइन (प्रश्न १३) या दोन्ही गोष्टी दिवसाच्या सहलीत मिळत नाहीत. क्योतोतली दोन देवळं कमी करा, पण ही रात्र ठेवा.

६. कोणत्या महिन्यात जावं?

पानं रंगतात ती ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत, क्योतोपेक्षा आधी. गर्दीही तेव्हाच सगळ्यांत जास्त. उन्हाळ्यात ओसाका घामाने नकोसं होतं, तेव्हा इथे हवा सुखद असते. १३ ऑगस्टला ओकुनोइनच्या वाटेवर लोक स्वतःच्या हाताने हजारो मेणबत्त्या लावतात, तो सोहळा पाहण्यासारखा आहे. पण त्या रात्रीची खोली कित्येक महिने आधी धरावी लागते. १५ जूनला कुकाईंच्या जन्माचा उत्सव असतो, मिरवणूक निघते.

डिसेंबर ते मार्च बर्फ आणि शून्याखालचं तापमान. मठ जुने, भिंती कागदाच्या आणि लाकडाच्या. खोलीत शेगडी किंवा कोतात्सु (खालून ऊब देणारं बुटकं टेबल) असतं, पण लांबलचक लाकडी पडव्या गारठलेल्या असतात. जाड मोज्यांचे दोन-तीन जोड घ्याच, कारण आत बूट चालत नाहीत. बर्फातलं ओकुनोइन ज्यांना पाहायचंय त्यांनी थंडी सोसावी, ते मोल आहेच. सप्टेंबर-ऑक्टोबरात वादळांची खबर घेऊन निघा. २०१७ च्या ऑक्टोबरमधल्या वादळाने डोंगरातला रेल्वेमार्ग खचला आणि तो काही महिने बंद होता.

७. मठात राहायचं म्हणजे दीक्षा वगैरे घ्यावी लागते का?

नाही. पन्नासच्या आसपास मठ यात्रेकरूंना उतरवून घेतात, त्या व्यवस्थेला शुकुबो म्हणतात. धर्म, देश, जात कुणी विचारत नाही. खोलीत तातामी म्हणजे गवताच्या जाड चटया, रात्री त्यांवर फुतोनची पथारी, दाराऐवजी सरकत्या चौकटी. कुलूप सगळीकडे असेलच असं नाही. आवाज आरपार जातो, त्यामुळे फोनवर बोलणं हळू ठेवा.

दर माणशी दोन वेळच्या जेवणासह साधारण १२ ते १५ हजार येनांपासून पुढे. स्वतंत्र न्हाणीघर आणि बागेकडे उघडणारी खोली घेतली तर ३० हजारांच्याही वर जातं. कोयासान शुकुबो संघटनेमार्फत, थेट मठाच्या संकेतस्थळावरून किंवा नेहमीच्या आरक्षण ॲपवरून खोली मिळते. एकट्या माणसाला काही मठ घेत नाहीत, ते आधी पाहा. रोख रक्कम जवळ ठेवा. टपाल कार्यालयातल्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं.

पैसे मोजले म्हणजे हॉटेल झालं असं मात्र समजू नका. तुमची गादी घालणारा मुलगा हा बहुधा शिकाऊ भिक्षू असतो. पहाटे तुमच्याआधी उठून त्याने गाभारा झाडलेला असतो.

८. जेवण खरंच शाकाहारी असतं? जपानमध्ये प्रत्येक गोष्टीत मासा निघतो.

मठातलं जेवण शोजिन र्योरी या पद्धतीचं. मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. कढणाला माशाऐवजी कोंबु हे समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम वापरतात. जपानमध्ये आठवडाभर कोरडा भात आणि बिस्किटांवर काढलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा निर्धास्त जेवता येतं.

लाखेच्या लाल-काळ्या रंगाचे छोटे चौरंग समोर येतात, दोन किंवा तीन. त्यांवर इवल्या वाट्या. त्यात दोन पदार्थ इथले खास. एक कोया-दोफु: गोठवून वाळवलेला तोफू, पुन्हा भिजवून गोडसर रश्श्यात शिजवलेला, चावला की स्पंजासारखा रस सुटतो. दुसरा गोमा-दोफु. नावात तोफू असला तरी यात सोयाबीन नसतं. सोललेले पांढरे तीळ वाटून, त्यात कुझू नावाच्या कंदाचं सत्त्व घालून, आटवून वड्या पाडतात. वर थोडा सोया सॉस आणि चिमूटभर हिरवं वासाबी. तोंडात घातला की तो जिभेवर पसरतो आणि तिळाची चव सावकाश येते. घाईने गिळू नका. सोबत भाज्यांचा तेंपुरा, लोणचं, मिसो सूप, भात. सकाळी भात, सूप, नोरी म्हणजे शेवाळाचे पातळ कागद, उमेबोशी हे आंबट खारवलेलं फळ.

तिखट काहीच नसतं. चटणीची डबी किंवा चिवडा बरोबर असेल तर खोलीत खा, पंगतीत चौरंगावर काढू नका. खोलीत काहीही शिजवू किंवा गरम करू नका. सगळी इमारत लाकडाची आहे आणि आगीने या डोंगराचं पूर्वी अनेकदा नुकसान झालंय.

९. आम्ही जैन आहोत. शिवाय दुपारी मठाबाहेर काय खायचं?

कांदा-लसणाचा प्रश्न मठात नाही, पण बटाटा, गाजर, मुळा, कमळकाकडी आणि मशरूम हमखास असतात. आरक्षण करतानाच 'जमिनीखालची कोणतीही भाजी नको' असं स्पष्ट लिहा. 'जैन' या शब्दावरून त्यांना काही कळेल असं गृहीत धरू नका, पदार्थांची नावं द्या. ऐनवेळी ताटावर बसून सांगितलं तर स्वयंपाकघराला बदल करता येत नाही.

दुपारी बाहेर जपून. उदोन-सोबा या नूडल्सच्या साध्या दिसणाऱ्या रश्श्यात सुक्या माशाचं कढण असतं, वर भाज्या दिसल्या तरी. शोजिन पद्धतीचं जेवण देणारी मोजकी उपाहारगृहं गावात आहेत, तीही लवकर बंद होतात.

१०. पहाटेच्या प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का? त्यात काय करतात?

बहुतेक ठिकाणी सक्ती नाही. सहा किंवा साडेसहाला सुरू होते, अर्धा-पाऊण तास चालते. पण झोपायचंच असेल तर मठात कशाला उतरायचं?

गाभारा अंधारा असतो, सोनेरी दिवे आणि पितळी उपकरणं तेवढी चमकतात. भिक्षू एका लयीत सूत्रं म्हणतात, मध्येच झांज वाजते. पुढे बोलावलं तर धुपाच्या भांड्यापाशी जायचं, चिमूटभर चूर्ण उचलून निखाऱ्यावर सोडायचं, हात जोडून मागे यायचं. आपल्या आधी गेलेल्या माणसाकडे पाहून तसंच करा. मांडी घालून बसलं तरी चालतं, पाय मूर्तीकडे पसरू नका. खुर्च्या बहुधा मागे ठेवलेल्या असतात. फोटो काढायचे नाहीत, परवानगी असल्याचं मठाने स्वतः सांगितलं तरच काढा.

काही मठांत त्यानंतर होम होतो. त्याला इथे गोमा म्हणतात. अचलनाथ म्हणजे फुदो म्योओच्या मूर्तीपुढे समिधा रचतात, ज्वाळा पुरुषभर उंच जातात आणि मोठा ढोल घुमतो. आपल्याकडचा होम पाहिलेल्यांनी हा जरूर पाहावा.

११. अंघोळ सगळ्यांसमोर करावी लागते असं ऐकलंय. खरं आहे?

पुरुषांचं आणि बायकांचं न्हाणीघर वेगळं असतं, पण आत सगळे एकत्र आणि विवस्त्र. आधी बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, साबण पूर्ण काढायचा, मग कढत पाण्याच्या हौदात उतरायचं. हौद अंग धुण्यासाठी नाही, टॉवेलही त्यात बुडवायचा नाही. संकोच वाटत असेल तर जेवणाच्या अगदी आधी किंवा वेळ संपत आल्यावर जा, बहुधा कुणी नसतं. किंवा स्वतंत्र न्हाणीघराची खोली घ्या. सकाळी मात्र अंघोळीची सोय बहुतेक मठांत नसते. आपली सकाळी अंघोळ करून देवापुढे बसायची सवय तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी लागते.

१२. ओकुनोइन कसं पाहायचं? तिथले नियम काय?

इचिनोहाशी या पहिल्या पुलापासून सुरुवात करा. बसने थेट ओकुनोइन-माए थांब्यावर उतरलं तर वाट निम्मी होते, पण जुना आणि सुंदर भाग सुटतो. पहिल्या पुलापासून समाधीपर्यंत दोन किलोमीटरची दगडी वाट आहे. दुतर्फा शेकडो वर्षांचे उंच सुगी (जपानी देवदार) वृक्ष आणि त्यांच्या मुळांशी दोन लाखांहून जास्त स्मारकं. दाइशींच्या जवळ आपली आठवण राहावी म्हणून सगळ्या पंथांच्या, सगळ्या थरांच्या लोकांनी ती बांधली. हयातभर एकमेकांशी लढलेले सोळाव्या शतकातले सरदार ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन इथे एकाच वाटेवर आहेत. त्याच काळातला सत्ताधीश ओदा नोबुनागा आहे आणि त्याला दगा देणारा आकेची मित्सुहिदेही आहे. नव्या भागात कंपन्यांनी आपल्या दिवंगत कामगारांसाठी उभारलेली स्मारकं आहेत. एक चक्क रॉकेटच्या आकाराचं. वाळवी मारणाऱ्या व्यावसायिकांनी वाळवीसाठी बांधलेलं स्मारकही तिथेच.

वाटेत लाल लाळेरी बांधलेल्या जिझोच्या लहानलहान मूर्ती शेकड्यांनी दिसतील. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, गेलेल्या मुलांचा सांभाळ करणारा. त्या लाळेऱ्यांपैकी कित्येक आईबापांनी बांधलेली असतात. त्यांना हात लावू नका आणि त्यांच्याशेजारी बसून फोटो काढू नका.

तिसरा पूल गोब्योबाशी. तिथून पुढे फोटो नाही, चित्रीकरण नाही, खाणं-पिणं नाही, डोक्यावर टोपी नाही. पुलाआधी वाकून नमस्कार करायचा. पलीकडे तोरोदो हा दीपमंडप, आत दहा हजारांहून जास्त कंदील. त्यांतले काही नऊशेपेक्षा जास्त वर्षं अखंड तेवत असल्याचं मानतात. एक दिवा ओतेरू नावाच्या गरीब मुलीने आईबापांसाठी स्वतःचे केस विकून लावला, अशी कथा सांगतात. मंडपाच्या मागे समाधी. बहुतेक पर्यटक मंडप पाहून वळतात. तुम्ही बाजूने मागे जा. तिथे लोक खरोखर प्रार्थना करत असतात.

प्रवेश विनामूल्य.

१३. रात्री तिथे जाणं सुरक्षित आहे का?

वाट रात्रभर खुली असते, दगडी कंदिलांत दिवे असतात. दीपमंडप मात्र साधारण पाचला बंद होतो. पायऱ्या ओल्या आणि उंचसखल असल्याने विजेरी आणि चांगले बूट हवेत. भिक्षूंबरोबर रात्रीची फेरीही असते, तिची नोंदणी करून गेलात तर स्मारकांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. झाडांवरून मुसासाबी नावाची उडणारी खार तरंगत गेली तर दचकू नका.

मठाचा दरवाजा किती वाजता बंद होतो ते विचारूनच बाहेर पडा. अनेक ठिकाणी नऊची वेळ असते.

१४. गारान आणि कोंगोबुजीत काय चुकवू नये?

दानजो गारान म्हणजे कुकाईंनी पहिल्यांदा बांधकाम सुरू केलं ते आवार. मधला शेंदरी कोनपोन दाइतो हा स्तूप ४८.५ मीटर उंच आहे. आजची इमारत १९३७ ची. आत मधोमध शिंगोन पंथाचे मुख्य बुद्ध महावैरोचन, भोवती चार बुद्ध आणि सोळा खांबांवर रंगवलेले बोधिसत्त्व. कागदावरचं मंडल उभं करून त्यात माणसाला शिरू दिलं आहे. तिथे घाई करू नका. जवळचा फुदोदो हा मंडप मुळात बाराव्या शतकाच्या शेवटी उभारलेला, छोटा आणि साधा. गर्दी त्याच्याकडे पाहतही नाही, पण आवारातली सगळ्यांत जुनी वास्तू तीच.

सांकोच्या पाइनखाली लोक वाकून काहीतरी शोधत असतात. या झाडाला तीन-तीन सुयांची पानं येतात. कुकाईंनी चीनहून फेकलेलं वज्र याच झाडावर सापडलं अशी आख्यायिका आहे, म्हणून खाली पडलेली त्रिदळ सुई शुभ मानतात. पडलेली उचला, फांदीची तोडू नका.

कोंगोबुजीत बानर्यूतेइ हा १४० ग्रॅनाइट शिळांचा उद्यानपट आहे, जपानमधला सर्वांत मोठा. तिथल्या एका दालनात १५९५ साली सत्ताधीश हिदेयोशीच्या भाच्याला, तोयोतोमी हिदेत्सुगुला, पोट चिरून मरावं लागलं असं सांगतात. प्रवेशशुल्क ठिकाणागणिक, पाचशे ते हजार येनांच्या घरात.

१५. थडग्यांवर देवनागरीसारखी अक्षरं दिसतात. आम्हाला वाचता येतील का?

थोडी नजर बसली की येतात. ती सिद्धम् लिपी आहे, आपल्या नागरीची जवळची नातेवाईक. भारतातून चीनमार्गे बौद्ध भिक्षूंनी ती इथवर आणली आणि इथे ती आजही शिकवली जाते. पाच दगड एकावर एक रचलेलं स्मारक दिसलं की खालून वर वाचा: चौकोनी दगडावर अ, गोलावर व, छपरासारख्यावर र, अर्धगोलावर ह, सगळ्यांत वरच्या थेंबावर ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. माणूस ज्या पंचमहाभूतांत मिसळला, तीच त्याच्या डोक्याशी रचून ठेवली आहेत.

प्रार्थनेतही कान देऊन ऐका. 'ओन् आबोक्या बेइरोशानो माकाबोदारा मानि हान्दोमा जिम्बारा हाराबारिताया उन्' हा मंत्र मुळात 'ॐ अमोघ वैरोचन महामुद्रा मणि पद्म ज्वाल प्रवर्तय हूँ' असा आहे. काही मठांत आजिकान ध्यान शिकवतात. त्यात समोर कमळ, त्यावर चंद्रबिंब आणि त्यात एकच सिद्धम् अक्षर असतं: 'अ'. मराठी माणसाने त्या अक्षरापुढे एकदा तरी बसावं.

१६. आम्ही नागपूरचे बौद्ध. हा धम्म आणि आपला धम्म एकच का?

बुद्ध एक, वाट बरीच वेगळी. बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर दिलेला धम्म कर्मकांड बाजूला सारतो. शिंगोन हा वज्रयान पंथ आहे आणि त्यात मंत्र, मुद्रा, मंडल, होम हेच साधन आहे. मुख्य मूर्ती शाक्यमुनींची नसून महावैरोचनाची असते. पालीतलं त्रिशरण-पंचशील इथे ऐकू येणार नाही, प्रज्ञापारमिता हृदयसूत्र ऐकू येईल. बेनझाइतेन म्हणजे सरस्वती, बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, अशा देवताही दिसतील. अनेकांना हे पाहून प्रश्न पडतात. ते पडू द्यावेत आणि मठातल्या भिक्षूंना आदराने विचारावेत. मनाविरुद्ध कोणताही विधी करायची गरज नाही. हात जोडून शांत बसलात तरी पुरे.

कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ साली महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. वाकायामा प्रांत आणि महाराष्ट्र यांच्यात सहकार्याचा करारही आहे. विद्यापीठ गावातच आहे. वर्ग सुरू असतात, म्हणून आधी कार्यालयात विचारून आत जा. हार-फुलं वाहायची असतील तर तेही विचारूनच.

१७. बायकांना सगळीकडे प्रवेश आहे का? पाळी असेल तर?

सगळीकडे आहे. पाळीबद्दल कुणी विचारत नाही, कसलंही बंधन नाही. सामाईक हौदात त्या दिवसांत उतरायचं नाही, एवढीच रीत. बाजूला बसून अंग धुता येतं.

पूर्वी असं नव्हतं. हजारेक वर्षं बायकांना या डोंगरावर पाय ठेवायला बंदी होती. बायका डोंगराच्या प्रवेशद्वारांपाशी बांधलेल्या न्योनिनदो नावाच्या धर्मशाळांपर्यंत येत आणि कडेकडेच्या वाटेने डोंगराला फेरी घालून लांबूनच समाधीला हात जोडत. कुकाईंच्या स्वतःच्या आईलाही पायथ्याच्या जिसोनइन मंदिरात राहावं लागलं, असं सांगतात. १८७२ साली सरकारने बंदी उठवली, पण प्रत्यक्षात ती मोडायला विसावं शतक उजाडलं. सात धर्मशाळांपैकी एकच उरली आहे, स्थानकाहून गावात येणाऱ्या बसच्या वाटेवर. बहुतेक लोक बसमधून पुढे निघून जातात. तिथे उतरा. त्या बायकांची वाट आजही चालता येते.

१८. आईचे गुडघे दुखतात आणि मुलं लहान आहेत. झेपेल?

झेपेल, पण मठ निवडताना खाटेची खोली आणि खालचा मजला मागा. जमिनीवरच्या पथारीतून उठणं हाच मोठा त्रास असतो. ओकुनोइनला बसथांब्याकडची छोटी, सपाट वाट धरा. बूट सतत काढावे लागतात, म्हणून नाडीचे नकोत. प्रसाधनगृहाच्या सपाता वेगळ्या असतात, त्याच घालून चटईवर येऊ नका. चटईवर कसल्याच सपाता चालत नाहीत. मुलांना बाग, घंटा, मासे आवडतात, पहाटेची प्रार्थना कदाचित नाही. त्यांना झोपू द्या आणि मोठ्यांनी आळीपाळीने जा.

१९. पायी चढून जाता येतं का?

येतं, आणि चालणाऱ्यांनी तसंच जावं. चोइशी-मिची ही जुनी यात्रावाट जिसोनइनपासून गारानपर्यंत येते. सुमारे वीस किलोमीटर, सहा-सात तास. वाटेत दर १०९ मीटरांवर तेराव्या शतकातला दगडी स्तंभ, एकूण १८०. स्तंभांवर प्रश्न १५ मधलीच पंचमहाभूतांची रचना आहे, आणि आकडा उतरत जातो. जंगल दाट आहे, अस्वलांची सूचना लावलेली असेल तर घंटी बांधून चाला. सामान ओसाकाच्या लॉकरमध्ये ठेवा.

२०. भिक्षू बिअर देतात, त्यांची लग्नं झालेली असतात. हे कसं?

१८७२ साली मेइजी सरकारने भिक्षूंच्या लग्नावरची आणि मांसाहारावरची कायदेशीर बंदी काढली. त्यानंतर जपानमध्ये मठ बहुधा बापाकडून मुलाकडे जातो. जेवणासोबत साके किंवा बिअर मागवता येते. ज्यांना ते पटत नाही त्यांनी मागवू नये. त्यावरून भिक्षूंशी वाद मात्र घालू नये.

२१. गोशुइन साध्या वहीत घेतलं तर?

देत नाहीत, आणि मागूही नये. गोशुइन म्हणजे दर्शनानंतर भिक्षूने हाताने लिहून मुद्रा उमटवलेलं पान. त्यासाठीची घडीची वही तिथेच मिळते. आधी दर्शन, मग गोशुइन, हा क्रम पाळा. शिकोकूच्या ८८ मंदिरांची यात्रा पूर्ण केलेले पांढऱ्या कपड्यांतले यात्रेकरू इथे दाइशींचे आभार मानायला येतात. रांगेत त्यांना घाई लावू नका.

२२. गाडी चुकली आणि संध्याकाळी सातला पोचलो तर?

ताबडतोब मठाला फोन करा. जेवण साडेपाच-सहाला असतं आणि उशिरा आलेल्याला ते मिळेलच असं नाही. आपण पाचच्या आत पोचावं अशी अपेक्षा असते. न कळवता उशीर केला तर कुणीतरी दारात थांबून राहतं.

२३. वडील नुकतेच गेले. त्यांच्या नावाने तिथे काही करता येतं का? आणि सुतकात जावं का?

करता येतं. बऱ्याच मठांत सांगून ठेवलं तर प्रार्थनेत मृताचं नाव घेतात. त्यासाठी ठरावीक दक्षिणा असते. आदल्या संध्याकाळी कागदावर नाव रोमन लिपीत स्पष्ट लिहून द्या. ओकुनोइनमध्ये गोब्योबाशीच्या जवळ जिझोच्या मूर्तींची रांग आहे. लाकडाच्या पातळ पट्टीवर नाव लिहून घेतात, ती तिथे ठेवतात आणि पळीने मूर्तीवर पाणी घालतात. परधर्मीयालाही मनाई नाही. अस्थी किंवा राख मात्र ओढ्यात सोडू नका, झाडाखालीही ठेवू नका. अस्थींचा अंश ठेवण्याची रीत इथे आहे, पण ती मठामार्फत, रीतसर नोंद करूनच.

सुतकाची अडचण बौद्ध मंदिरात नाही. जपानमध्ये मृत्यूनंतरचे विधी बौद्ध मठच करतात, त्यामुळे दुःखातल्या माणसाचं तिथे येणं स्वाभाविकच मानलं जातं. शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवस्थानांचं वेगळं आहे. घरात मृत्यू झाला असेल तर जपानी लोक साधारण पन्नास दिवस अशा देवस्थानाच्या तोरिइ कमानीखालून जात नाहीत. गारानच्या आवारात डोंगराच्या मूळ देवतांचं असं एक देवस्थान आहे, लाल कमान दिसली की ओळखाल. तेवढं बाहेरून हात जोडून पुढे जा.